पहिला नंबर हुकलेल्यांची मतमोजणी

1981 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अल्ट्राव्हॉक्स या ब्रिटिश बँडचं 'व्हिएन्ना' हे गाणं तिथल्या विक्रीच्या यादीत चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडलं. पहिल्या आठवड्यात त्याच्या वर जॉन लेननचं 'वुमन' होतं. डिसेंबर 1980 मध्ये लेननची हत्या झाली होती आणि त्याच्या तबकड्यांवर लोकांच्या उड्या पडत होत्या, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण पुढचे तीन आठवडे वर ठाण मांडून बसलं जो डोल्चेचं 'शॅडअप यू फेस'. इटालियन ढंगाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं ते निव्वळ थट्टेचं गाणं. तीसेक वर्षांनी बीबीसी रेडिओ 2 ने श्रोत्यांचा कौल घेतला: दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचून पहिला हुकलेल्या गाण्यांतलं तुमचं सर्वांत लाडकं कोणतं? 'व्हिएन्ना' जिंकलं. चाहत्यांना वाटलं, देर आए दुरुस्त आए.

गाणं उत्तमच आहे. माझी शंका आहे ती मोजणीवर.

मुळात 'नंबर एक' हा गाण्याचा गुण नव्हे. ब्रिटनची पहिली यादी नोव्हेंबर 1952 मध्ये एका संगीत साप्ताहिकाने छापली, तीही वीसेक दुकानांना फोन करून. (त्यानंतर महिन्याच्या आतच रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. तिच्या क्रमवारीत पुढे विक्रीच्या आकड्यांना श्रोता संघांच्या पसंतीची जोड दिली गेली, ही अमीन सायानींच्या मंडळींची हुशारीच म्हणायची.) यादी आठवड्याची असते, म्हणजे त्या सात दिवसांत शेजारी कोण आहे यावर सगळं अवलंबून. वर्षभराचा हिशेब केला तर 1981 मध्ये 'व्हिएन्ना'ची विक्री 'शॅडअप यू फेस'पेक्षा जास्तच झाली होती. अमेरिकेत क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि पहिल्यावर एकही पोचलं नाही. त्यांतलं 'ग्रीन रिव्हर' अडवलं ते 'द आर्चीज'च्या 'शुगर, शुगर'ने, म्हणजे कार्टूनमधल्या काल्पनिक बँडने! ब्रिटनमध्ये 1967 साली 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या बीटल्सच्या जोडतबकडीला रोखलं एंगलबर्ट हंपरडिंकच्या 'रिलीज मी'ने. हे गृहस्थ जन्मले आपल्या मद्रासला.

यात कुणी ग्रह आणू नयेत. एक अंक सूर्याचा, दोन चंद्राचा, अमुक अक्षर वाढवा म्हणजे सिनेमा चालेल, असं सांगून पैसे घेणारे अंकज्योतिषी आपल्याकडे काही कमी नाहीत. पहिला हुकण्यासाठी शुक्राची गरज नसते, शुक्रवारी दुसऱ्या कुणाची तबकडी बाजारात आली तरी पुरतं.

आता आठवड्याची अडचण काढून टाकू आणि चाहत्यांनाच विचारू. तीन गाणी घ्या: 'व्हिएन्ना', 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' (1987 च्या नाताळात दुसरं राहिलेलं) आणि 'पेनी लेन'. काल्पनिक शंभर मतदार प्रत्येकी पूर्ण पसंतीक्रम लिहून देतात. चाळीस जण म्हणतात: व्हिएन्ना, मग फेअरीटेल, मग पेनी लेन. पस्तीस जण: पेनी लेन, फेअरीटेल, व्हिएन्ना. उरलेले पंचवीस: फेअरीटेल, पेनी लेन, व्हिएन्ना.

फक्त पहिली पसंती मोजली तर व्हिएन्ना 40 मतांनी जिंकतं. सर्वांत कमी मतांचं गाणं बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला दिली, तर फेअरीटेल बाद होतं, त्याची 25 मतं पेनी लेनकडे जातात आणि पेनी लेन 60 विरुद्ध 40 ने जिंकतं. आता तिसरी तऱ्हा: दोन-दोन गाण्यांची थेट झुंज लावा. फेअरीटेल व्हिएन्नाला 60-40 ने हरवतं आणि पेनी लेनला 65-35 ने. विजेतं फेअरीटेल! मतपत्रिका त्याच आणि तेच शंभर लोक, तरी विजेते तीन. कुणी बोगस मतदान केलेलं नाही.

थेट झुंजींची ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ मार्की द काँडोर्सेची, 1785 सालची. जे सगळ्यांना समोरासमोर हरवतं ते खरं विजेतं, हे इतकं पटण्याजोगं आहे की इथेच थांबावंसं वाटतं. पण त्यातला खड्डाही काँडोर्सेनेच दाखवला. समजा 34 जणांचा क्रम व्हिएन्ना-फेअरीटेल-पेनी, 33 जणांचा फेअरीटेल-पेनी-व्हिएन्ना आणि 33 जणांचा पेनी-व्हिएन्ना-फेअरीटेल. मोजून पाहा: व्हिएन्ना फेअरीटेलला 67-33 ने हरवतं, फेअरीटेल पेनी लेनला 67-33 ने, आणि पेनी लेन व्हिएन्नाला 66-34 ने. चक्र पूर्ण. एकेका माणसाची आवड सरळ रेषेत आहे, पण शंभर जणांची एकत्र केली की ती गोल फिरते.

असं कितीदा घडेल? हे गणित मला फार आवडतं, तेव्हा थोडं सहन करा. तीन गाण्यांच्या तीन झुंजी. प्रत्येकीचे दोन निकाल, म्हणजे एकूण आठ शक्यता. त्यांतल्या दोनच चक्राकार आहेत. झुंजी एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर चक्राची शक्यता दोन अष्टमांश, म्हणजे 25 टक्के. पण त्या स्वतंत्र नाहीत, कारण मतदार स्वतः सुसंगत असतो. ज्याला पहिलं गाणं दुसऱ्यापेक्षा आणि दुसरं तिसऱ्यापेक्षा आवडतं, त्याला तिसरं पहिल्यापेक्षा आवडूच शकत नाही. सहा पसंतीक्रम सारख्याच शक्यतेचे धरले, तर चक्राच्या दिशेने घेतलेल्या कुठल्याही दोन झुंजींमधला सहसंबंध वजा एक तृतीयांश येतो. मतदार लाखांनी असले की घंटाकृती वक्राचं गणित लागू पडतं आणि त्या 25 टक्क्यांतून काही भाग वजा होतो. तो भाग म्हणजे: ज्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, एक तृतीयांश आहे तो कोन रेडियनमध्ये घ्यायचा, त्याला तीनने गुणायचं आणि दोन पायने (2π) भागायचं. येतात सुमारे 16.2 टक्के. उरतात 8.8. गाण्यांच्या मतमोजणीत वर्तुळाचा पाय येऊन उभा राहतो याचं मला अजून नवल वाटतं. गाणी पाच केली तर सर्वांना हरवणारं एकही गाणं नसण्याची शक्यता 25 टक्क्यांवर जाते, दहा केली तर जवळपास 49. प्रत्यक्षात आवडीनिवडी इतक्या विस्कळीत नसतात, त्यामुळे चक्रं याहून कमी दिसतात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोने 1951 मध्ये तर दारच बंद केलं. तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही साध्या अटी एकत्र पाळणारी क्रमवारीची पद्धत असूच शकत नाही, हे त्याने सिद्ध केलं. सगळ्यांना क्ष हे य पेक्षा आवडत असेल तर क्ष वर हवं, क्ष-य यांचा क्रम तिसऱ्या कुणामुळे बदलू नये आणि एकाच माणसाची मर्जी सगळ्यांवर लादली जाऊ नये, एवढ्याच त्या अटी. 1972 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिवाय आवड तरी आपली स्वतःची असते का? सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी आणि 14,341 सहभागी. काहींना फक्त गाणी दिसत. इतरांना आठ वेगळ्या 'जगां'त वाटलं होतं, तिथे आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हा आकडाही दिसे. आकडे न पाहता केलेल्या निवडीत एक गाणं 26 वं आलं. तेच गाणं एका जगात पहिलं ठरलं आणि दुसऱ्या एका जगात 40 वं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. 'जनतेचा कौल' म्हणून वाहिन्या जे विकतात ते पाहताना हा प्रयोग आठवावा.

1990 च्या सप्टेंबरमध्ये तर ब्रिटनमध्ये मोजणीत दोन गाणी बरोबरीत आली: स्टीव्ह मिलर बँडचं 'द जोकर' आणि डी-लाइटचं 'ग्रूव्ह इज इन द हार्ट'. नियम असा होता की आदल्या आठवड्यापेक्षा ज्याची विक्री जास्त वाढली ते वर. 'जोकर' पहिलं ठरलं. आणि व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस', जे 1984 च्या नाताळात दुष्काळनिधीसाठी निघालेल्या गाण्यामागे दुसरं राहिलं होतं, ते जानेवारी 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. मधल्या काळात, 2014 पासून, यादीत ऑनलाइन ऐकणंही मोजायला सुरुवात झाली होती.