वेबस्टरचे स्पेलिंग बुक

अमेरिकेतील मुलांना इंग्रजी अक्षरओळख, स्पेलिंग व वाचन शिकवणारे क्रमिक पुस्तक. नोआ वेबस्टर (१७५८–१८४३) या तरुण शिक्षकाने लिहिलेले हे पुस्तक १७८३ मध्ये हार्टफर्ड (कनेटिकट) येथे प्रसिद्ध झाले. पुढे निळ्या पुठ्ठ्यावरून लोक त्याला ‘ब्लू-बॅक्ड स्पेलर’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

त्याआधी तिथल्या शाळांत टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचे, लंडनमध्ये १७४० साली निघालेले पुस्तक चाले. त्यात इंग्लंडमधल्या गावांची नावे पाठ करावी लागत. वेबस्टरने त्यांच्या जागी अमेरिकी गावे घातली.

शिकवण्याची रीत दोघांचीही घोकंपट्टीचीच. आधी मुळाक्षरे, मग आपल्या बाराखडीसारखे बा, बी, बो असे तक्ते, मग एका अवयवाचे (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याचे, म्हणजे सिलॅबलचे) शब्द, नंतर दोन-तीन अवयवांचे. प्रत्येक शब्द अक्षरे म्हणत मोठ्याने फोडायचा आणि मग उच्चारायचा. वेबस्टरचे खरे योगदान या फोडीत आहे. डिलवर्थ ‘क्लस्टर’ हा शब्द ‘यू’नंतर तोडत असे, त्यामुळे मूल तो स्वर लांबवी. वेबस्टरने ‘एस’ पहिल्या अवयवात घेतला आणि उच्चार आपोआप जागेवर आला. एकच स्वराक्षर अनेक तऱ्हांनी उच्चारले जाणाऱ्या भाषेत नवशिक्याला याहून मोठा आधार नव्हता. स्वरांचे उच्चार दाखवायला त्याने अक्षरांवर अंकही दिले. अमेरिकी स्पेलिंगचा जनक म्हणून तो ओळखला जात असला, तरी ‘फेवर’सारख्या शब्दांतला ‘यू’ पहिल्या आवृत्तीत कायम होता. तो त्याने नंतर वगळला.

वाचनपाठांत देवाधर्माच्या वचनांबरोबर बोधकथा असत. सफरचंदे चोरायला झाडावर चढलेल्या मुलाला म्हातारा आधी शब्दांनी समजावतो, मग गवत फेकून मारतो आणि शेवटी दगड उचलतो, तेव्हा कुठे पोरगा खाली उतरतो.

या पुस्तकाची थोरवी शाळेबाहेर जास्त दिसते. गुलामीत असताना चोरून लिहायला शिकणाऱ्या फ्रेडरिक डग्लस (पुढे गुलामीविरोधी कृष्णवर्णीय नेते) यांनी त्यातली तिरपी अक्षरे गिरवली. गुलामीतून सुटल्यावर बुकर टी. वॉशिंग्टन (पुढे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ) यांना आईने याचीच जुनी प्रत मिळवून दिली. आसपासच्या कृष्णवर्णीयांत वाचता येणारे कोणी नव्हते, तरी त्यांनी काही आठवड्यांत बहुतेक मुळाक्षरे एकट्याने आत्मसात केली.