स्त्री-चळवळीच्या उद्दिष्टांचा पुनर्विचार (बडोदे)

स्त्रियांसाठी काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि ती मागणी नेमक्या कोणत्या स्त्रियांची, या प्रश्नांची वेळोवेळी झालेली फेरमांडणी. मराठी लेखनात या चर्चेचा आरंभ बहुधा १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष व त्या वर्षी पुण्यात भरलेली स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद येथून धरतात. बडोद्यापुरता तो निदान सात दशके मागे न्यावा लागतो. येथे स्त्रियांची संघटना उभी राहण्याआधीच त्यांच्या नावाने कायदे झाले होते आणि पुढच्या पिढ्यांचा पुनर्विचार हा बव्हंशी त्या कायद्यांचाच पुनर्विचार आहे.

परिभाषा : ‘स्त्रीसुधारणा’, ‘स्त्री-उन्नती’, ‘स्त्रीमुक्ती’ आणि ‘स्त्रीवाद’ हे शब्द साधारणपणे या क्रमाने रूढ झाले, मात्र एक शब्द आल्यावर आधीचा मावळला, असे झाले नाही. ‘सुधारणा’ या शब्दात सुधारणारा कोणी दुसराच असतो, हे ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच उघडपणे मांडले होते. बडोद्याच्या राजपत्रात व शाळाखात्यात मात्र हाच शब्द दीर्घकाळ चालला, आणि तेथील परिस्थितीला तो शोभणाराही होता.

संस्थानी कायदे : सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. मुलग्यांना सक्ती सात ते बारा वर्षांपर्यंत होती, मुलींना सात ते दहापर्यंतच. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्नाचे किमान वय मुलींसाठी बारा व मुलग्यांसाठी सोळा ठरवले. सवलतीचा मार्ग होताच. बारा वर्षांखालील मुलीच्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी मिळू शके. कायदा मोडणाऱ्यांना दंड होई आणि तो लग्नाच्या खर्चातच धरला जाई, अशी त्या काळची सार्वत्रिक तक्रार आहे.

या कायद्याची खरी कसोटी उत्तर गुजरातेतील कडी प्रांतात लागली. तेथील कडवा कणबी समाजात लग्नाचा मुहूर्त दहा-बारा वर्षांतून एकदाच, उंझ्याच्या उमिया मातेच्या कौलाने निघे. मुहूर्त हुकला तर पुन्हा दशकभर थांबावे लागे, म्हणून पाळण्यातल्या मुलींचीही लग्ने उरकत. वर मिळालाच नाही तर मुलीचे लग्न फुलांच्या गुच्छाशी लावीत. तो गुच्छ विहिरीत टाकला की ती विधवा ठरे, आणि पुढे सवडीने तिचे ‘नातरुं’ (पुनर्विवाह, मराठीतील पाट) करता येई, कारण नातऱ्याला मुहूर्त लागत नसे. रूढीने घातलेला अडसर रूढीनेच असा वळसा घालून ओलांडला जात होता. १९०४ च्या कायद्याचा रोख वयावर होता. ही सोय त्याच्या हिशेबात धरलेली दिसत नाही.

घटस्फोटाचा कायदा : बडोद्याच्या हिंदू घटस्फोट कायद्याचे वर्ष काही ग्रंथांत १९३१, तर काहींत १९३७ असे आढळते. संस्थानातील हिंदूंविषयीचे निरनिराळे कायदे १९३७ मध्ये ‘हिंदू निबंधा’त (संहितेत) एकत्र करण्यात आले, त्यामुळे हा फरक पडला असावा, मूळ कायद्यासाठी १९३१ हेच वर्ष धरणे अधिक योग्य. तो भारतातील ‘पहिला’ होता काय, यावरही मतभेद आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१९ च्या सुमारास केलेल्या विवाहविषयक कायद्यांत काडीमोडीचा विषय आला होता, त्यामुळे कोल्हापूरचे अभ्यासक बडोद्याचा मान स्वीकारत नाहीत. वाद ‘पहिला’ या शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो. जातीत चालत आलेल्या काडीमोडीची कायद्याने दखल घेणे ही एक गोष्ट. ज्या जातींत लग्न मोडण्याची कल्पनाच नव्हती, त्यांतील स्त्रीला न्यायालयाचे दार उघडून देणे ही दुसरी. दुसऱ्या अर्थाने बडोद्याचा दावा बळकट आहे.

पण याच मुद्द्यावरून नंतरच्या अभ्यासकांनी सगळा प्रश्न उलटा करून पाहिला. गुजरातेतील कणबी, कोळी व इतर अनेक जातींत फारगती आणि नातरुं, मराठी कुणब्यांत व त्यांच्या आसपासच्या जातींत काडीमोड आणि पाट हे व्यवहार कायद्याआधीपासून होते. जातपंचायतीसमोर घेतले-दिलेले परत झाले की बाई मोकळी होई. ती नेहमी आपल्या मर्जीने मोकळी होत असे, असा याचा अर्थ नव्हे. नातऱ्यात बाप किंवा दीर पैसा घेत असे. तरीही १९३१ च्या कायद्याने ज्यांना नवा हक्क मिळाला त्या प्रामुख्याने ब्राह्मण, वाणी आणि कुळवान मराठे अशा घरांतल्या स्त्रिया होत्या, आणि ‘हिंदू स्त्री’ या नावाखाली त्यांचाच प्रश्न सर्वांचा मानला गेला. वर चढू पाहणाऱ्या जातींनी तर प्रतिष्ठेसाठी नातरुं सोडून दिले. सुधारणेच्या त्याच काळात त्यांच्या स्त्रियांचे बंधन वाढले. दलित स्त्रीवादी मांडणीने १९९० नंतर हा आक्षेप व्यापक स्वरूपात घेतला (गोपाळ गुरू, १९९५, शर्मिला रेगे, १९९८). बडोद्याच्या संदर्भात तो विशेष झोंबतो. ज्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच राज्याच्या नोकरीत १९१७ मध्ये त्यांना राजधानीत राहायला घर मिळाले नव्हते.

चिमणाबाई : या नावाच्या दोन राण्या झाल्या आणि शहरातील वास्तूंच्या नावांमुळे त्यांच्यात नेहमी घोटाळा होतो. पहिल्या चिमणाबाई १८८५ मध्ये वारल्या. घड्याळाचा मनोरा त्यांच्या स्मरणार्थ आहे. येथे प्रस्तुत आहेत त्या दुसऱ्या, देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई (मृत्यू १९५८). त्यांनी पडदा सोडला तो १९१४ च्या सुमारास, असे सामान्यतः मानतात. चिमणाबाई स्त्री उद्योगालयाची स्थापनाही त्याच सुमाराची. स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९११ मध्ये लंडनहून निघाला. सहलेखक म्हणून एस. एम. मित्रा यांचे नाव त्यावर असल्याने त्यातली मते कितपत राणीसाहेबांची, ही शंका घेतली जाते. परदेशांतील स्त्रियांच्या संस्था पाहून इथे काय उचलता येईल याचा शोध हा त्याचा गाभा आहे, आणि उद्योगालयाची दिशा त्याच्याशी इतकी जुळते की ग्रंथ त्यांचाच मानणे सयुक्तिक वाटते.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. परिषदेचे मूळ उद्दिष्ट शिक्षणापुरते मर्यादित होते. मुलींची शाळा लग्नापायी सुटते हे मान्य करताच विवाहवयाचा प्रश्न टाळता येईना. एका उद्दिष्टातून दुसरे निघण्याचे हे पहिले ठळक उदाहरण, आणि इथे मागणाऱ्या स्वतः स्त्रियाच होत्या.

हंसा मेहता आणि दोन माघारी : बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन (१८९७–१९९५) १९४५-४६ मध्ये याच परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. हैदराबाद अधिवेशनातील स्त्री-हक्कांची सनद त्यांच्याच कारकिर्दीतली. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात (१९४८) ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघणाऱ्या शब्दाऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्द त्यांच्या आग्रहाने आला, हे सर्वश्रुत आहे. त्यांची दोन मते मात्र चळवळीने पुढे बदलली, आणि इथे तीच महत्त्वाची आहेत.

पहिले राखीव जागांविषयी. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले, की स्त्रियांच्या संघटनांनी खास सवलती कधी मागितल्या नाहीत, न्याय मागितला. स्त्रियांच्या स्थितीविषयी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीनेही १९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालात विधिमंडळांतील राखीव जागांची शिफारस केली नाही, पण लोतिका सरकार व वीणा मजुमदार यांनी राखीव जागांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. त्याच अहवालाने दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर आल्याचे ठळकपणे पुढे आणले, आणि समान हक्क कागदावर आले की बाकीचे आपोआप येते, हा विश्वास डळमळला. १९९३ मध्ये पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांसाठी घटनादुरुस्ती झाली.

दुसरे मत समान नागरी कायद्याचे. एप्रिल १९४७ मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीत हंसा मेहता, अमृत कौर व मिनू मसानी यांनी भिन्नमत नोंदवले, की सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची हमी जशी मुदत घालून दिली, तशीच समान नागरी कायद्याची हमी पाच ते दहा वर्षांत द्यावी. शिक्षणाची सक्ती बालपणीच पाहिलेल्या बडोदेकर बाईला ही तुलना सहज सुचावी, यात नवल नाही. मुदत बारगळली आणि समान नागरी कायदा संविधानाचे कलम ४४ म्हणून नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांत गेला.

या मताचा फेरविचार सुरू झाला तो दुसऱ्या एका मराठी वस्तीच्या संस्थानी शहरातून, इंदूरहून. शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला तेथील दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये पोटगी दिली; उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. निकालात समान कायद्याची निकड सांगताना एका समाजाविषयी काढलेले उद्गार, अशा पोटगीचा हक्क आखडणारा १९८६ चा मुस्लिम महिला कायदा आणि त्यानंतर हीच मागणी वेगळ्या राजकारणाने उचलून धरणे, यांमुळे १९९० नंतर बऱ्याच स्त्री-संघटनांनी ‘समान’ हा शब्द मागे घेतला. कोणी प्रत्येक व्यक्तिगत कायद्यातच न्याय्य बदल मागितले, कोणी ऐच्छिक कायदा सुचवला, कोणी सर्वांना लागू पण लिंगभावाच्या दृष्टीने न्याय्य कायद्याचा मसुदा पुढे केला. यांपैकी टप्प्याटप्प्याचा मार्ग व्यवहारात अधिक फलदायी ठरला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा धर्म न विचारता सर्व स्त्रियांना लागू झाला, तो याच वाटेने.

अलीकडील बडोदे : महाराजा सयाजीराव विद्यापीठात (स्थापना १९४९, हंसा मेहता १९५८ पर्यंत कुलगुरू) आरंभीच्या विद्याशाखांत गृहविज्ञान होते. बाईचे घरकाम हाच अभ्यासविषय करणे ही प्रगती की बेडी, हा वाद तिथे जुना आहे. आज त्या शाखेचे नाव कुटुंब व समाजविज्ञान असे झाले आहे. स्वायत्त गटांपैकी १९८४ पासूनची ‘सहियर’ (गुजरातीत मैत्रीण) विशेष उल्लेखनीय. २००२ च्या दंगलीनंतर शहरातील स्त्रियांच्या अनुभवांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला, आणि जातीय सलोखा हा स्त्री-प्रश्न आहे की नाही, ही चर्चा येथे तरी संपली. या काळातले लेखन प्रामुख्याने गुजराती व इंग्रजीत आहे. दांडिया बाजार व रावपुऱ्यातील मराठी महिला मंडळांची छाप त्यात फारशी नाही.

जुनी फारगती मात्र टिकून आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने लग्न मोडण्याचा हक्क शाबूत ठेवला असून गुजरातेत मुद्रांक-कागदावरची फारगती आजही होते. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी संहितेने अनुसूचित जमाती वगळता रूढीचा हा मार्ग बंद केला. गुजरात सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये समान नागरी संहितेच्या विषयावर निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.