गरम झाले की बंद, गार झाले की चालू: जुन्या पिकअपच्या इंजिनाचे कोडे

जुनी पिकअप गाडी अर्धा-पाऊण तास व्यवस्थित धावते, मग अचानक बंद पडते, थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू होते आणि काही अंतरावर तोच प्रकार घडतो. ही तक्रार ऐकली की बहुतेकांच्या तोंडी एकच निदान येते: “इंजिन ओव्हरहीट होत असणार.” मग कूलंट बदलले जाते, थर्मोस्टॅट बदलला जातो, रेडिएटर धुऊन घेतला जातो आणि गाडी पूर्वीसारखीच बंद पडत राहते. वास्तविक कूलंटची पातळी बरोबर असून तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असेल, तर इंजिन अतितप्त झालेले नसते. ते कामाच्या नेहमीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ९० अंश सेल्सिअसला, पोहोचलेले असते. त्या तापमानाला इंजिनाला काहीच होत नाही. बिघडतो तो त्याच्या अंगाला चिकटून बसलेला एखादा लहानसा विद्युत घटक, किंवा इंधनाच्या वाटेवरचा एखादा भाग.

या घटकांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटतो तो क्रँकशाफ्ट सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची हालचाल टिपणारा भाग. अधिक जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधली (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणाऱ्या भागातली) पिकअप कॉइल असेच काम करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर हा सेन्सर चालतो. एक छोटा चुंबक, त्याला गुंडाळलेले केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे आणि समोरून फिरणारे दातेरी लोखंडी चाक, एवढीच त्याची रचना. प्रत्येक दाता जवळून जाताना चुंबकीय क्षेत्र बदलते, तारेत क्षणभर व्होल्टेज निर्माण होते आणि त्या स्पंदांवरून गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ठिणगी केव्हा पाडायची व इंधन केव्हा फवारायचे हे ठरवतो. स्पंद येणे थांबले, की इंजिन फिरत नाही असे समजून तो दोन्ही बंद करतो.

ही तार रेझिनमध्ये किंवा प्लॅस्टिकमध्ये पक्की बसवलेली असते आणि संकटाचे मूळ तिथेच आहे. तापमान एका अंशाने वाढले की तांब्याची लांबी दर दहा लाख भागांत सुमारे १७ भागांनी वाढते. रेझिन आणि प्लॅस्टिक मात्र साधारणपणे त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रसरण पावतात. एक सेंटिमीटर लांबीचे तुकडे २० अंशांवरून १२० अंशांवर नेले, तर तांबे ०.०१७ मिलिमीटरने वाढेल आणि तिप्पट प्रसरण पावणारे रेझिन ०.०५१ मिलिमीटरने. दोहोंतला ०.०३४ मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु एवढ्या बारीक तारेच्या जाडीशी तो तुलना करण्याजोगा आहे. वर्षानुवर्षे रोज तापून आणि निवून तार ताणली जाते, धातू थकतो आणि कधीतरी एखाद्या सांध्याजवळ तिला चीर पडते. गार अवस्थेत चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात आणि प्रवाह सुरळीत वाहतो. गरम झाल्यावर भोवतालचे रेझिन फुगून त्या कडांना दूर खेचते. नजरेला दिसणार नाही एवढी फट पडली तरी क्षीण संकेताची वाट बंद होते.

म्हणूनच असा सेन्सर काढून टेबलावर तपासला, की तो निर्दोष ठरतो. तपासणी गरम अवस्थेतच व्हायला हवी. मात्र तीही समजून करावी लागते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतोच, त्यामुळे २० अंशांना १००० ओहम दाखवणारी कॉइल १२० अंशांना १३९० ओहमच्या आसपास गेली, तर तो दोष नव्हे. हळूहळू चढत असलेला आकडा एकाएकी नाहीसा होऊन मल्टिमीटरवर ‘ओएल’ (रोध मोजण्यापलीकडे गेल्याची खूण) उमटला, तर तार तुटली असे समजावे. आकडा चढण्याऐवजी घसरला, तर वेढ्यांमधले इन्सुलेशन फुटून ते आपसात शॉर्ट झाल्याची शक्यता असते.

गाडी कशी बंद पडते याकडे नीट लक्ष दिले, तर बरेचसे निदान हत्याराला हात न लावता होते. किल्ली फिरवावी तसे इंजिन एका क्षणात थांबले, तर संशय विजेवर. आचके देत, दम तोडत थांबले, तर इंधनावर. आरपीएमचा काटा याहून अधिक सांगतो. गाडी गिअरमध्ये असून क्लच दाबलेला नसेल, तर चाके इंजिनाला फिरवत असतात. तरीही काटा झटक्यात शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर, इग्निशन मॉड्यूल (ठिणगीसाठीचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा त्यांचा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी तुटले आहे. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि ब्रेकची मदतही एक-दोनदा दाबण्यापुरतीच उरते, म्हणून हे प्रयोग रहदारीत कदापि करू नयेत.

पुढची परीक्षा गाडी बंद पडून अजून गरम असतानाच उरकावी लागते. स्पार्क टेस्टर लावून ठिणगी पाहावी आणि गेज लावून इंधनाचा दाब मोजावा. ठिणगी नसेल, तर संशयित भागांपैकी एकावरच ओले फडके ठेवून तो गार करावा. इंजिन लगेच सुरू झाले, तर पुरावा जवळजवळ हाती आला. गार इंजिन सुरू ठेवून त्याच भागाला हेअर ड्रायरने ऊब दिल्यावर ते बंद पडले, तर शंकेला जागा उरत नाही.

इंधनाच्या बाजूला ‘व्हेपर लॉक’ नावाचा प्रकार आहे. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावर बसवलेला पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढीमुळे नळीतला दाब घटतो, दाब घटल्यावर उत्कलनबिंदू आणखी खाली येतो आणि पंपात द्रवाऐवजी वाफ शिरते. यावर नळीला लाकडी चिमटे लावण्याचा तोडगा अनेक जण श्रद्धेने सांगतात. लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे. ते नळीतली उष्णता बाहेर काढूच शकत नाही. चिमटे लावेपर्यंत इंजिन निवते आणि श्रेय चिमट्यांना मिळते. टाकीतच पंप असलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सगळी नळी दाबाखाली असते, म्हणून तिथे व्हेपर लॉक क्वचितच होतो.

काही वेळा दोष उष्णतेचा नसून वेळेचा असतो. टाकीला हवा घेण्याची वाट बुजली, की पेट्रोल संपत जाईल तसा आत निर्वात वाढतो आणि तेवढ्याच अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन उपाशी पडते. बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा जोरदार फुस्स आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर मोठा खर्च वाचला.

आणि इग्निशन मॉड्यूल बदलण्याची वेळ आलीच, तर जुन्याखालची धातूची बैठक स्वच्छ पुसून, उत्पादकाने सांगितलेली उष्णतावाहक पेस्ट तिथे पातळ थरात लावावी. ती नसेल तर ट्रान्झिस्टरमधली उष्णता बैठकीत उतरत नाही आणि नवे मॉड्यूलही त्याच तक्रारीने निकामी होते.