छापा आणि चिमटी: लेझर प्रोजेक्टरमागचं डीएमएक्स आणि इल्डा

मित्रानं जुन्या बाजारातून एका लग्नाच्या लाइटवाल्याचा थकलेला लेझर उचलला आणि लगेच फोन केला, "मागे डीएमएक्स आहे रे, म्हणजे लॅपटॉप लावून पोरीचं नाव लिहिता येईल ना?" हाच प्रश्न मी कधीकाळी एका दुकानदाराला विचारला होता. तो हो म्हणाला, मी कंट्रोलर घेतला आणि रात्रभर भिंतीवर तेच फुलपाखरू, तीच चांदणी फिरवत बसलो.

डीएमएक्स हा 1986 साली आलेला स्टेजच्या दिव्यांचा संकेत. एका केबलवर 512 चॅनेल, प्रत्येकात 0 ते 255 मधला एक आकडा. लेझरला त्यातून इतकंच कळतं: 47 नंबरचा नमुना काढ, हळू फिरव, लहान कर. नमुना आधीच आतल्या बोर्डात भरलेला असतो. रांगोळीचा छापाच म्हणा ना. मोर हवा तर मोराचा छापा हवा. इल्डा हा खास लेझरचा दुसरा संकेत, तो म्हणजे रांगोळीची चिमटी. त्यात नमुना वगैरे काही नसतंच. आत्ता झोत वळवणारा आरसा किती डावीकडे, किती वर, आणि लाल-हिरवा-निळा किती, एवढे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा येत राहतात. पोरीचं नाव लिहायचं तर हे लागतं.

सॉकेटवरून ओळखणं सोपं: डीएमएक्सचं माइकसारखं गोल, इल्डाचं जुन्या प्रिंटर पोर्टासारखं 25 पिनांचं.

स्वस्तातल्या यंत्राला हे दुसरं भोक बहुधा नसतं, पण पाडता येतं. आधी प्लग काढून झाकण उघडा आणि आरसे कशावर बसलेत ते बघा. दांडा हलकेच फिरवताना बोटाला खटके लागले तर ती टप्प्याटप्प्यानं फिरणारी स्टेपर मोटर. झाकण परत लावा, तिच्याकडून सुबक अक्षर निघणार नाही. खटके नसतील आणि शेजारी छोट्या ट्रिमपॉटची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या बारीक बटणांची, ड्रायव्हर कार्डं असतील तर गॅल्व्हो आहे, म्हणजे आरसा व्होल्टेजप्रमाणे झटकन वळवणारी मोटर. नशीब समजा. मूळ बोर्डाकडून ड्रायव्हरला गेलेली केबल काढायची आणि तिच्या जागी पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणलेल्या 25 पिनी सॉकेटच्या तारा जोडायच्या: 1 आणि 14 वर एक्सची (आडव्या हालचालीची) जोडी, 2 आणि 15 वर वाय (उभी), 25 वर ग्राउंड. लाल, हिरवा, निळा 5, 6, 7 वर. लॅपटॉप आणि सॉकेटच्या मध्ये हेलिओससारखा डॅक, म्हणजे आकड्यांचं व्होल्टेज करणारी डबी, लागतो. मी आधी साउंड कार्डावर भागवायला गेलो. त्याचे कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतात, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेलं चित्र मधोमध घसरत यायचं.

इल्डा बसवलं म्हणून रंग सुधारत नाहीत, हेही मित्राला सांगावं लागलं. आतले डायोड टीटीएल असतील तर प्रत्येक रंग फक्त चालू किंवा बंद. म्हणजे सात रंग, आणि हळूहळू विझणं नाही. त्यासाठी ॲनालॉग ड्रायव्हर, म्हणजे वेगळा खर्च.

मग इल्डाचा टेस्ट पॅटर्न, म्हणजे आरसे जुळवायचं ठरलेलं चित्र, लावायचा. त्यातलं वर्तुळ फाइलमध्ये चौकोनाबाहेर असतं. गॅल्व्होला तेवढं वळायला वेळ पुरत नाही, म्हणून नीट जुळवलेल्या यंत्रावर ते आक्रसून चौकोनाला आतून टेकतं. आमचं अंड्यासारखं होऊन एका बाजूनं बाहेर डोकावत होतं. ट्रिमपॉट पाव वळसाच फिरवा. जास्त फिरवलात तर आरसे किंचाळतात, अक्षरशः.

या सगळ्यात पॉवर अगदी कमी ठेवा. गॅल्व्हो अडकला तर सगळा झोत एकाच बिंदूवर थांबतो, आणि अर्ध्या वॉटच्या पुढचा लेझर चौथ्या वर्गातला, भिंतीवरून परतलेला प्रकाशही डोळ्याला धोक्याचा. पुण्यात 2024 च्या गणेशोत्सवात लेझर झोतांवर बंदी आली ती उगाच नाही. आमचं नाव घरातल्या भिंतीवरच उमटतं.

माझा तो फसलेला डीएमएक्स कंट्रोलर मात्र कामाला लागला. सोसायटीच्या गणपतीत आठ पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) तोच सांभाळतो, आणि तिथे छापाच लागतो.