जागतिक आरोग्यातील एकजूट

जागतिक आरोग्यातील एकजूट : परक्या देशातल्या रुग्णाचे दुखणे आपलेही मानून त्याच्या हक्कासाठी स्वतः झीज सोसणे. दानात किती, कधी, कोणाला द्यायचे हे देणारा ठरवतो. एकजुटीत हा निर्णय रुग्णाच्याही हाती असतो. ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ ही घोषणा ऐकलेल्यांना हा फरक फोड करून सांगायला नको.

याचे ठळक उदाहरण म्हणजे एड्सच्या औषधांचा लढा. १९९६ च्या सुमारास तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने रुग्ण जगू लागले. पण त्याचा खर्च माणशी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर होता. स्वस्त औषधे मिळावीत म्हणून दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये कायदा केला, तेव्हा ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या. १० डिसेंबर १९९८ रोजी केपटाऊनमध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही उपचाराच्या हक्कासाठी लढणारी चळवळ उभी राहिली. तिचे कार्यकर्ते ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे ठळक छापलेले टी-शर्ट घालत. ज्यांना लागण नव्हती तेही घालत, त्यामुळे बोट नेमके कोणाकडे दाखवायचे हेच कळेनासे झाले. नेल्सन मंडेलांनीही तो अंगावर चढवला. संस्थापकांपैकी झॅकी अख्मत स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यांत औषध मिळेपर्यंत आपणही घेणार नाही, हा निर्धार त्यांनी २००३ पर्यंत जिवावर उदार होऊन पाळला.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. कंपनी धंदाच करत होती, तिला संतपद देण्याचे कारण नाही. हे शक्य झाले ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळे, म्हणून तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला मोकळीक होती. एप्रिल २००१ मध्ये जगभरच्या निदर्शनांपुढे नमून त्या ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतला खटला मागे घेतला. नोव्हेंबरातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने पेटंटापेक्षा सार्वजनिक आरोग्य जपण्याचा देशांचा अधिकार मान्य केला.

दिव्याखाली मात्र अंधार होता. भारतात सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. पुढच्याच वर्षी भारताने औषधांनाही पेटंट देणे सुरू केले.

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडवरील औषधे, लशी व चाचणी संचांवरील बौद्धिक संपदेचे नियम स्थगित करण्याचा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेत मांडला. जून २०२२ मध्ये सवलत मिळाली ती फक्त लशींच्या पेटंटांपुरती. औषधे आणि चाचणी संच बाहेरच राहिले.