घोड्याचे वीर्य आणि कृत्रिम रेतन: सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

कृत्रिम रेतनासाठी वळू निवडताना त्याचे वीर्य गोठवणे सोसते की नाही हे सुरुवातीलाच तपासले जाते आणि जो या कसोटीला उतरत नाही तो वीर्यकेंद्रातून बाद होतो. घोड्यांच्या बाबतीत अशी चाळणी सहसा लागलीच नाही. प्रजननासाठीचा घोडा, म्हणजे स्टॅलियन, वेग, उडी, चाल, बांधा आणि वंशावळ पाहून निवडला जातो. त्याचे वीर्य कसे आहे हा प्रश्न तो नावारूपाला आल्यानंतर पुढे येतो. स्टॅलियनच्या वीर्याची गुणवत्ता सुधारण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. कमकुवत वीर्याचा घोडाही बाजूला काढायचा नाही आणि तरी घोडी गाभण राहिली पाहिजे, या अपेक्षेपोटीच पुढची बहुतेक तंत्रे जन्माला आली.

घोड्यांमधील कृत्रिम रेतनाला शास्त्रीय शिस्त लावली ती रशियातील इल्या इवानोव यांनी, 1899 पासून पुढच्या काळात. त्यांच्या सुरुवातीच्या पद्धतीत घोडीच्या योनीत स्पंज ठेवला जाई आणि नैसर्गिक समागमानंतर तो बाहेर काढून, पिळून वीर्य मिळवले जाई. असे वीर्य योनीतील स्रावांनी आणि जंतूंनी दूषित होणारच. सोव्हिएत संशोधकांनी 1930च्या दशकात कृत्रिम योनी रोजच्या वापरात आणली, तेव्हा कोमट पाण्याचे आवरण असलेल्या नळीत स्वच्छ वीर्य थेट गोळा करता येऊ लागले. गुणवत्तेतील पहिली खरी सुधारणा हीच होती, असे माझे मत आहे.

त्यानंतर मात्र घोडा मागे पडला. शेतीत ट्रॅक्टर आला, लष्कराला घोड्यांची गरज उरली नाही आणि संशोधनाचा पैसा व लक्ष दुधाळ जनावरांकडे वळले. 1949 मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल या गोठण्यापासून बचाव करणाऱ्या द्रवाच्या साहाय्याने शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता येतात हे दाखवले आणि काही वर्षांतच गाईंचे रेतन त्यावर उभे राहिले. घोड्याच्या गोठवलेल्या शुक्राणूंपासून घोडी गाभण राहिल्याची पहिली नोंद 1957 मध्ये कॅनडातून बार्कर आणि गँडियर यांनी केली. ते शुक्राणू वीर्यातले नव्हते, तर वृषणालगतच्या एपिडिडिमिसमधून काढलेले होते. वळूसाठी बसवलेली पद्धत घोड्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे पुढे वारंवार दिसून आले.

घोड्याच्या रेतनाला पुन्हा चालना मिळाली ती 1970च्या दशकात. अमेरिकेतील रॉबर्ट केनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये स्निग्धांश काढलेली दूधभुकटी, ग्लुकोज आणि प्रतिजैविक यांचे सोपे विरलक, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणारे द्रावण, मांडले. ताज्या दुधातील काही प्रथिने शुक्राणूंना मारक असतात. तापवल्याने ती निष्प्रभ होतात आणि उरलेले घटक शुक्राणूच्या पटलाचे, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे, रक्षण करतात. प्रतिजैविकामुळे घोडीच्या गर्भाशयात जाणारा जंतूंचा भार घटला. दोनच वर्षांनी, 1977 मध्ये, इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे घोड्यांमधील सांसर्गिक गर्भाशयदाहाची साथ आढळली आणि स्वच्छ रेतनाचे मोल आणखी ठळक झाले.

पुढचा अडथळा तापमानाचा होता. घोड्याचे वीर्य झपाट्याने थंड केले तर शुक्राणूंच्या पटलातील स्निग्ध पदार्थांची रचना बिघडते, काही शुक्राणू गोलगोल किंवा उलटे पोहू लागतात आणि त्यांचे आयुष्य घटते. साधारण 19 ते 8 अंश सेल्सिअस हा टप्पा सर्वांत नाजूक; तो दर मिनिटाला अंशाच्या दहाव्या भागाहून अधिक वेगाने ओलांडू नये, असे प्रयोगांतून ठरत गेले. 1984 च्या सुमारास वीज न लागणारी, आतील वीर्य हळूहळू 5 अंशांपर्यंत उतरवणारी वाहतूकपेटी वापरात आली आणि दूरच्या घोडीपर्यंत दुसऱ्या दिवशी वीर्य पोचू लागले. ताज्या वीर्याची मात्रा पुढे जाणाऱ्या 50 कोटी शुक्राणूंची, तर पाठवायच्या वीर्याची 100 कोटींची धरण्याचा प्रघात पडला, तो वाटेत होणारी हानी गृहीत धरूनच.

मग लक्ष वीर्यद्रवाकडे, म्हणजे शुक्राणू ज्यात असतात त्या द्रवाकडे, गेले. स्टॅलियनच्या एका स्खलनात द्रव बराच असतो आणि साठवणुकीत तोच शुक्राणूंना बाधतो. म्हणून वीर्यातला चिकट भाग (जेल) गाळून काढणे, विरलक मिसळून सेंट्रिफ्यूज करणे, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून शुक्राणू तळाशी आणणे, आणि मूळ द्रवाचा थोडाच अंश राखणे ही कामे नित्याची झाली. फ्रान्समध्ये दुधातील केसिनवर आधारलेले विरलक तयार झाले, ज्यात वीर्य 15 अंशांवरही टिकते. नंतर सिलिकाच्या कणांच्या थरातून वीर्य फिरवून सुदृढ शुक्राणू वेगळे करण्याची पद्धत आली. गोठवताना ग्लिसरॉल न मानवणाऱ्या घोड्यांसाठी डायमिथाइलफॉर्मामाइडसारखे अमाइड गटातील पर्यायी रसायन उपयोगी ठरले.

खाद्याकडेही पाहिले गेले. घोड्यात शुक्राणू घडायला सुमारे 57 दिवस लागतात, त्यामुळे खाद्यातील बदलाचा परिणाम दिसायला किमान दोन महिने थांबावे लागते. डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लाने युक्त पूरक खाद्याने काही स्टॅलियनच्या थंड केलेल्या वीर्याची गतिशीलता सुधारल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिडेशनमुळे पेशींना होणारी हानी रोखणाऱ्या पदार्थांचा, प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. घोड्याचा शुक्राणू ऊर्जेसाठी प्रामुख्याने मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांवर, अवलंबून असतो, आणि 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की अधिक फलनक्षम वीर्यातच ऑक्सिडेशनच्या खुणा जास्त होत्या. असे शुक्राणू वेगाने काम करतात आणि लवकर थकतात. अँटिऑक्सिडंट मिसळले की वीर्य सुधारते, हे समीकरण त्यामुळे डळमळले.

यातले कोणतेही तंत्र वाईट शुक्राणू चांगला करत नाही; ते चांगले शुक्राणू वाचवते किंवा निवडून देते. 1990च्या दशकात एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत घोड्यांत यशस्वी झाली, तेव्हा अगदी निकृष्ट वीर्याच्या घोड्यालाही शिंगरे मिळू लागली. मला यात काळजी वाटते ती आनुवंशिकतेची. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीच्या नोंदणीला आजही नैसर्गिक समागम अनिवार्य आहे, त्यामुळे तेथे फार कमी फलनक्षमतेचा घोडा आपोआप मागे पडतो. ज्या जातींत कृत्रिम रेतन मान्य आहे, तेथे ही नैसर्गिक गाळणी उरलेली नाही आणि त्या जागी वीर्याची गुणवत्ता हा निवडीचा निकष अजून सार्वत्रिक झालेला नाही.