ट्रेसरूटमधला ‘तुंबलेला’ राउटर

ट्रेसरूट म्हणजे आपली पॅकेटं (डेटाचे तुकडे) कोणकोणत्या राउटरांमधून जातात आणि प्रत्येकाचं उत्तर यायला किती वेळ लागतो, ते दाखवणारं साधन. त्यात मधल्याच एका टप्प्यावर २०० मिलिसेकंद किंवा नुसते तारे (म्हणजे उत्तरच नाही) दिसले, की ‘तिथला राउटर तुंबलाय’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. बहुतेकदा ते चूक असतं. आपली पॅकेटं पुढे ढकलते ती राउटरची चिप. ट्रेसरूटचं पॅकेट मात्र मुद्दाम त्याच टप्प्यावर टीटीएल (अजून किती टप्पे ओलांडता येतील तो आकडा) संपेल असं असतं, आणि त्याचं उत्तर सहसा प्रोसेसरला द्यावं लागतं. त्याच्या डोक्यावर आधीच बीजीपी, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ते प्रोटोकॉल). या प्रोटोकॉलच्या पॅकेटांवर बहुधा डीएससीपी ४८ ही प्राधान्याची खूण असते, रांगही वेगळी. आपल्या चौकशीला शेवटचा नंबर, तोही सेकंदाला ठरावीकच. (सरकारी कचेरी आठवली ना?) पुढचे टप्पे ३० मिलिसेकंदांत उत्तर देत असतील, तर मधला उशीर फक्त त्या उत्तराचा. तो शेवटपर्यंत टिकला, तरच तक्रार नोंदवा.